प्रमिलाताईंनी लावलेली वेळ

गौरवग्रंथातला लेख तक्रारीने सुरू करू नये असा संकेत आहे. संपादक मंडळाची क्षमा मागून मी तो मोडतो, कारण तक्रार जुनी आहे आणि तिचे निवारण करायला आजवर कोणीही पुढे आलेले नाही. श्रीमती प्रमिलाताई जोगदंड यांना मी असंख्य वेळा "किती वाजले?" असे विचारले असेल. एकदाही सरळ उत्तर मिळाले नाही. त्या मान वर करतात आणि अत्यंत शांतपणे विचारतात, "कुठल्या घड्याळात?" पाटोद्याहून बीडची एसटी गाठायला निघालेल्या माणसाने यावर काय बोलावे? मी व्याकरणाच्या पाठशाळेत वाढलो. शंकेवर प्रतिशंका काढणारे पंडित मी पुष्कळ पाहिले, पण ज्यांच्या प्रतिशंकेमुळे गाडी चुकते अशा विदुषी या एकट्याच. त्यांचा येथे जाहीर निषेध नोंदवतो आणि मूळ विषयाकडे वळतो.

ताई या महिन्यात साठ वर्षे पूर्ण करीत आहेत आणि महिनाअखेरीस आपल्या दूध संघाच्या शीतकरण केंद्रातून निवृत्त होत आहेत. महिलांच्या दूध संस्था त्यांनी कशा उभ्या केल्या, यावर इतर मान्यवर लिहिणारच आहेत. मी संपादकांकडून एकच विषय मागून घेतला. तो विषय आहे ताईंनी लिहिलेला संगणकाचा एक अगदी लहान प्रोग्रॅम. काम दोनच. वेळ दाखवायची आणि वेळ लावायची. एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असे वाचकांना वाटेल. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते.

ताईंची माझी ओळख दुष्काळात झाली. जनावरे आटली, केंद्रावर दूध यायचे कमी झाले, तेव्हा संघाने दुधाचे टँकर धुऊन पाण्याला लावले. केंद्राच्या आवारातल्या बोअरला पाणी टिकून होते. तिथून टँकर भरायचा आणि पाळीपाळीने वाड्यावस्त्यांवर जायचा. प्रत्येक खेपेला संगणकावर पावती निघायची, तिच्यावर वस्तीचे नाव, तारीख आणि वेळ. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. एके सकाळी खडकवस्तीचे बिरूमामा अशी एक पावती घेऊन माझ्या दारात आले. खडकवस्ती ही मेंढरे राखणाऱ्यांची वस्ती आणि मामा तिथले वडीलधारे.

"शास्त्रीबुवा, ह्ये वाचा बरं. आमचा टँकर कवा सुटला म्हनं?"

मी वाचले. पावतीवरच्या तारखेला केंद्राच्या इमारतीचा पायासुद्धा खणलेला नव्हता.

"पानी तर काल आलं," मामा म्हणाले. "पर सुटलंय इतक्या वर्सांमागं. येवढं शिळं पानी मेंढरं प्येतील का?"

झकास बातमी मिळाली म्हणून मी केंद्रावर गेलो. खिडकीपाशी जुना संगणक आणि त्याच्यासमोर ताई. मी पावती पुढे केली आणि वार्ताहराला शोभेल असा आवाज लावून खुलासा मागितला.

"बातमी खरी आहे. छापा," ताई म्हणाल्या. "यंत्रात बटणाएवढा सेल असतो. वीज गेली की तो वेळ राखतो. तो मेलाय. वीज आली की यंत्राला वाटतं आपण आजच जन्मलो. बीडला सेल मिळाला नाही, पुण्याला सांगितलाय. तोवर दर वेळी हातानं लावते. काल राहिलं."

भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन परत आला. "कुठल्या घड्याळात?" या प्रश्नाचे मूळही मला त्याच दिवशी कळले. संगणकात घड्याळे दोन असतात. एक सेलवर चालणारे, खालचे. दुसरे वीज आल्यावर खालच्याकडे बघून चालू होणारे, वरचे. वरचे दुरुस्त केले म्हणून खालचे दुरुस्त होतेच असे नाही.

यानंतरची घटना ताईंना गौरवग्रंथात नको होती. मी त्यांचे ऐकलेले नाही.

त्या यंत्राची वेळ लावायची मूळ रीत परदेशी होती. तारीख टाकताना आधी महिना, मग दिवस. आपण शाळेपासून आधी दिवस लिहितो. एका दुपारी वीज तीनदा गेली, तीनदा आली. ताईंनी घाईत पाच एप्रिल ही तारीख आपल्या पद्धतीने टाकली. यंत्राने ती चार मे अशी वाचली, आणि तेवढ्यात खडकवस्तीच्या टँकरची पावती निघाली. पुढच्या वेळी तारीख बरोबर लागली, पण निघालेली पावती यंत्रात तशीच राहिली. आता पाळी लावायचा नियम असा होता, की ज्या वस्तीची शेवटची पावती सर्वांत जुनी, तिला पुढचा टँकर. यंत्राच्या मते खडकवस्ती मे महिन्यातच पाणी पिऊन बसली होती. एप्रिलात तिचे नाव वर येणार कसे? इतर वस्त्यांची पाळी दोनदा झाली. खडकवस्तीची आलीच नाही.

बिरूमामा केंद्राच्या फाटकावर येऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी विनोद केला नाही.

"समद्यांला दोन दोन डाव पानी. आमाला कावून न्हाई? आमी मानसं न्हाई का?"

ताईंनी यादी काढली, पावत्या पाहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे, मामा," त्या म्हणाल्या. "मी तारीख उलटी टाकली." भरत असलेला टँकर त्यांनी खडकवस्तीकडे वळवला आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. मीही मागून गेलो. वस्तीवर सगळ्या बायामाणसांसमोर त्यांनी झालेली चूक पहिल्यापासून सांगितली. एक म्हातारी म्हणाली, "आगं बाई, मिशीन चुकलं म्हनली आसतीस तरी आमी ऐकलं आसतं."

"मिशीनला मीच सांगितलं होतं, आई," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून दूध संकलनाच्या रद्दी अर्जांच्या पाठीवर पेन्सिलीने त्यांचे लेखन सुरू झाले. प्रोग्रॅम लिहायचे शिक्षण त्यांनी दर रविवारी एसटीने बीडला जाऊन घेतले होते. ते यंत्र इतके अशक्त, की जड काही टाकले की धापा टाकायचे. म्हणून प्रोग्रॅम हलका हवा. ताईंचा पूर्ण झालेला प्रोग्रॅम दोन अर्जांच्या पाठींवर मावला. काळ्या पडद्यावर व्ही, ई, एल ही तीन रोमन अक्षरे ठोकायची, म्हणजे आपला मराठी 'वेळ'. नुसती अक्षरे ठोकली तर तो वेळ दाखवायचा. पुढे आकडे दिले तर ती लावायचा. 'कालप्रदर्शनस्थापनिका' असे भारदस्त नाव मी सुचवले होते. ताई म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, तेवढं टाइप करेपर्यंत वेळ बदलते." मी माघार घेतली.

या प्रोग्रॅममध्ये आधी दिवस, मग महिना, आणि महिना अक्षरांत. लावण्याआधी तो अख्खे वाक्य रोमन अक्षरांतल्या मराठीत समोर ठेवायचा. आत्ता ही वेळ आहे, तुम्ही ही लावताय, या तारखेला अमुक वार येतो, बरोबर का? एकतीस जून टाकून पाहिली, तर उत्तर आले, "अशी तारीख हायच न्हाई. नीट बघा." यंत्राला आपली बोली येते म्हणून ड्रायव्हर मंडळी मुद्दाम चुकीच्या तारखा टाकून बघत. 'हो' म्हटले की दोन्ही घड्याळे एकदम लागत. पण त्याआधी शेवटचा एक प्रश्न यायचा. "कोणाच्या सांगण्यावरून?" तिथे नाव लिहावेच लागे. जुनी वेळ, नवी वेळ आणि ते नाव एका यादीत जाऊन बसे, आणि ती यादी महिन्याच्या महिन्याला छापून फाटकावर लागे. यादीत पहिले नाव ताईंनी स्वतःचे घातले होते, त्या जुन्या उलट्या तारखेसमोर.

संस्कृतात भूतकाळ तीन आहेत. त्यांतला एक 'परोक्ष', म्हणजे बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेला. पुराणे त्यातच चालतात, आणि मला वाटते बरीचशी सरकारी कागदपत्रेही. ताईंच्या प्रोग्रॅमने त्या भूतकाळाची सोय काढून टाकली होती. ज्याला मागची वेळ हवी, त्याने ती पाहिली असल्याचे आपले नाव घालून सांगावे. पुढे जे घडले ते यामुळेच घडले.

उन्हाळा कडक झाला. एका मंगळवारी खडकवस्तीचा टँकर संघाच्या तत्कालीन अध्यक्षांच्या सोयऱ्यांकडे लग्नाच्या मांडवात गेला. अध्यक्षांचे नाव लिहीत नाही, ते आज उत्तर द्यायला हयात नाहीत. आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणत असू. वस्तीने बीडला तक्रार केली आणि गुरुवारी चौकशीला साहेब येणार असे कळले. बुधवारी दुपारी आण्णा केंद्रावर आले. मी तिथेच चहा घेत बसलो होतो.

"ताई, घड्याळ जरा मंगळवारवर घ्या. खडकवस्तीची एक पावती काढा. लगेच पुढं करा. दोन मिनिटांचं काम."

"घेते की, आण्णा," ताई म्हणाल्या. त्यांनी आकडे टाकले, वाक्य आले, 'हो' झाले. मग त्या थांबल्या. "नाव काय टाकू?"

"कशाचं नाव?"

"ते विचारतंय. कोणाच्या सांगण्यावरून."

"तुमचं टाका."

"मी कुठं सांगितलं?"

आण्णांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "कोणी केलं हे असलं?"

"मीच."

"मग तो प्रश्न काढून टाका बरं आधी."

"काढते. पण मग महिनाअखेरीच्या यादीत लिहावं लागेल, प्रश्न काढला म्हणून. कोणाच्या सांगण्यावरून काढला, तेही."

आण्णा हसले, पण ते हसू कोणालाच आवडले नाही. "लई शिकलात, ताई," म्हणाले आणि निघून गेले. पावती निघाली नाही. गुरुवारी साहेब आले, त्यांना मंगळवारची जागा रिकामी दिसली आणि शुक्रवारी सकाळी खडकवस्तीला पाणी पोचले. पुढच्या आठवड्यात ताईंची बदली फाटकावर, दुधाची फॅट तपासायला झाली. वर्षभर त्या तिथे उन्हात उभ्या होत्या. त्यावर एक शब्द त्यांनी कधी काढला नाही. बिरूमामा मात्र येता-जाता थांबत आणि मोठ्याने म्हणत, "ताय, आमच्यापायी तुमी हितं." ताई म्हणत, "मामा, सरका. मागं रांग आहे."

त्या वर्षभरातच माझ्या आईची दृष्टी गेली. गोळ्या वेळेवर घ्यायच्या होत्या आणि माझे फिरतीचे काम. ताई केंद्रावर जाताना रोज आमच्या दारात थांबत आणि आत हाक देत, "आई, सव्वाआठ. पिवळी गोळी." संध्याकाळी परतताना पांढरी. हे मी त्यांना सांगितलेले नव्हते. कोणाकडून तरी त्यांना कळले होते. आईला सरळ वेळ मिळत होती, याचा मला थोडा मत्सरही वाटला, हे कबूल करतो.

त्या बुधवारची बातमी मी लिहिली नाही. आण्णांशी माझे बरे होते, आणि संघाची जाहिरात आमच्या दैनिकाला येई. मी स्वतःची समजूत घातली, की वस्तीला पाणी मिळाले, आता कशाला? ताईंनी मला कधी विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

आता संघात नवी यंत्रे आली आहेत. वेळ तारेवरून आपोआप येते, सेकंदाचा फरक पडत नाही, हे उत्तमच आहे. हाताने बदलायची सोय त्यांतही आहे, मी मुद्दाम चौकशी केली. बदलताना यंत्र "नक्की का?" एवढेच विचारते. नाव विचारत नाही. फाटकावरची यादीही बंद झाली आहे. यंदा बोअर पुन्हा खाली गेले आहेत, टँकर धुवायला काढले आहेत आणि पाळ्यांची यादी करणे चालू आहे. खडकवस्ती अजून तिथेच आहे. बिरूमामांचे चिरंजीव परवा पाळी विचारून गेले.

ताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, त्यांचे डोळे आणि गुडघे त्यांना साथ देवोत, आणि निवृत्तीनंतरही त्यांनी याच तालुक्यात राहावे, असे मी मनापासून मागतो. या मागणीत माझा स्वार्थ आहे. संघाने यंदाच्या पाणीवाटप समितीवर मला घेतले आहे. टँकरच्या प्रत्येक पावतीखाली सही माझी असणार. त्या बुधवारी मी हातात चहाचा कप धरून गप्प बसलो होतो. उद्या कोणी भला माणूस येऊन मागच्या तारखेची एक पावती समोर ठेवील, आणि खिडकीपाशी ताई नसतील. मला भीती वाटते, की मी सही करीन.