मरणानंतरचे हसू

अभिनयातले मला काही कळत नाही. साठी उलटल्यावर लेखणी धरणाऱ्याने त्यावर लिहावे, या धार्ष्ट्याची वाचकांनी क्षमा करावी. आमच्या शेजारचे नट जयवंतराव काल मालिकेत वारले आणि आज सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते. तळमजल्यावरच्या कुसुमताईंनी त्यांना अडवले.

"अहो, काल तुमच्यापायी मला जेवण गेलं नाही! पण हसलात ना शेवटी?"

मरणाचा प्रसंग चित्रित झाला, की नटाने उठून कॅमेऱ्याकडे पाहून हसायचे, असा त्यांच्याकडे रिवाज आहे. अपशकुन टळतो म्हणे.

"हसलो, पण ओढूनताणून. इतक्या वर्षांचं काम सुटलं, ताई. पुढचं अजून हाती नाही."

"मग आता खलनायक व्हा. ते मेले शेवटच्या भागापर्यंत मरत नाहीत!"

जयवंतराव इतके मोकळे हसले, की हातातल्या पिशव्या हिंदकळल्या. चित्रणाच्या वेळी राहिलेले हसू ते हेच, असे मला वाटले. भूमिका तर आपल्या सर्वांच्याच संपतात. माझ्या निवृत्तीच्या समारंभात हार होता, भाषणे होती. हसण्याचा रिवाज मात्र नव्हता. तुमचे काम संपले, त्या दिवशी तुम्हाला कोणी हसवले होते का?