घुम्या मधेच खेळणार

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे घुम्या म्हणत. तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. फुटबॉलच्या मैदानात मात्र तो मधोमध उभा राहून पुढच्यांना चेंडू आणि मागच्यांना धीर पुरवायचा. परदेशातल्या एका क्लबाने त्याला बोलावलं, आणि आमच्या मामाची छाती फुगली. मामाने आयुष्यात चेंडूला पाय लावला असेल तर तो अंगणाबाहेर ढकलण्यापुरता. तरी "पोरगा मी घडवला" हे त्याने इतक्यांना ऐकवलं, की आईलाही वाटू लागलं, बाळंतपणसुद्धा त्याचंच झालं असावं.

मी त्या क्लबाच्याच शहरात नर्स होते. घुम्या माझ्याच खोलीवर आला. खाली लॉन्ड्री, त्यामुळे भिंती कायम ओलसर. खिडकीखालच्या गरम पाइपवर त्याचे बूट वाळत. ड्यूटीवरून आले की माझ्या स्वागताला आधी मोज्यांचा वास यायचा.

क्लबाचा प्रशिक्षक म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेला शिष्टपणा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "तुमच्याकडची पोरं वाऱ्यासारखी पळतात. तू कडेला खेळ."

"मी मधे खेळतो," घुम्या म्हणाला.

"इथे मी सांगेन तिथे खेळायचं."

मग काय, एकतर कडेच्या रेषेवरून वर-खाली पळायचं, नाहीतर बाकावर बसायचं. पोस्टरवर मात्र सगळ्यात मोठा चेहरा त्याचा. क्लबाला 'आमच्याकडे लांबून खेळाडू येतात' हे मिरवायचं होतं ना. म्हणजे मिरवायला भिंत आणि बसायला बाक.

त्यातच मामा टपकला. गळ्यात क्लबाचा मफलर, पोस्टरसमोर आठ-दहा फोटो. मग त्याने प्रशिक्षकाचा हात धरून हलवला आणि म्हणाला, "वाघ आहे आमचा. कडेला काय, कुठेही सोडा." मला ते भाषांतर करून सांगावं लागलं. घुम्या शेजारीच उभा होता.

"मामा, मी कुठे खेळतो?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय? पुढे. गोल मारतोस की."

घुम्याने मान हलवली आणि प्रशिक्षकाकडे वळला. "करार संपला की मी जाणार."

"तुला घेणार कोण?" प्रशिक्षक हसला.

घेतलं एका लहान गावाच्या क्लबाने. दोन पायऱ्या खालचा; मैदान एका बाजूला उतरतं, आणि शॉवरला गरम पाणी आलं तर नशीब. तिथली प्रशिक्षक पूर्वी गोलकीपर होती. तिने त्याला जुन्या क्लबाच्या राखीव संघाकडून खेळताना पाहिलं होतं. ती म्हणाली, "चेंडू लांब असला तरी तू सारखा मागे वळून बघतोस. काय शोधतोस?" त्यावर माझा घुम्या इतकं बोलला, इतकं बोलला, की मी त्याच्याकडे बघतच राहिले.

तिकडे घरी मामाने गळा काढला. "खालच्या वर्गात उतरला. नाक कापलं माझं." कापण्याइतकं उरलं होतं, हीच मला नवलाची गोष्ट वाटली.

घुम्या मधे खेळू लागला. पहिले काही सामने अडखळला, एकदा तर त्याच्याच चुकलेल्या पासवर गोल झाला. प्रशिक्षक बाईंनी त्याला तिथून हलवलं नाही. पुढे तो कप्तान झाला आणि तो संघ एक पायरी वर चढला. तेव्हा जुन्या प्रशिक्षकाचा फोन आला, "परत ये, आता मधे खेळवतो." घुम्याने शांतपणे ऐकून घेतलं, "नको" म्हणाला आणि सरावाला निघून गेला.

मोठा क्लब नाकारला म्हणून मामाने वर्षभर आमच्याशी अबोला धरला. आईची तब्येत त्या वर्षी फार छान राहिली.