खडकापलीकडचा फिका निळा

"ताई, तुमच्या बोर्डाला आमच्या दत्तारामने ताडपत्री गुंडाळलीय. वरून सुंभाने आवळून बांधलीय. आता मी काय करू ते सांगा."

फोनवर सरपंच मॅडम होत्या. दुपारचा एक वाजला होता. मी कणकवलीत माझ्या स्टुडिओत एका काजूवाल्याचं लेबल करत बसले होते. त्याच सकाळी दहा वाजता नारळ फोडून त्या बोर्डाचं उद्घाटन झालं होतं. पाहुणे आले, फोटो निघाले, पाहुणे गेले. आणि तीन तासांत बोर्ड ताडपत्रीत!

"हा दत्ताराम कोण?"

"आमचा जीवरक्षक. पंचायतीने किनाऱ्यावर नेमलाय. म्हणतो, बोर्ड खोटा आहे. काय खोटं आहे विचारलं तर म्हणतो, जेणी काढलो तेका हय पाठवा."

माझं डोकं सणकलं. सव्वीस वर्षं मी हे काम करतेय. लेबलं, खोकी, नकाशे, पाट्या. माझ्या कामाला कोणी ताडपत्री बांधली नव्हती. आणि ज्या प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, पंचायतीने सही घेऊन पाठवली होती, ती याच दत्तारामची होती. मी फाईल उघडून खात्री केली.

"मॅडम, सही करतो, मग फिरतो. अशा माणसाला ठेवलाय कशाला? काढून टाका."

"सोमवारच्या सभेत तोच विषय घेतेय," त्या म्हणाल्या. "पण शनिवारपासून दिवाळीची सुट्टी. किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्याआधी बोर्ड उघडा हवा. तुम्ही येऊन त्याला समजवा."

मी "काढून टाका" म्हटलं होतं हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय. पुढे कामाला येईल म्हणून नव्हे, लाज वाटते म्हणून.

गाव मालवणच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण चूक त्या गावाची नव्हती. बोर्ड साधा होता. आठ फूट बाय पाच फूट, त्यावर किनाऱ्याचा नकाशा. वाळू, एक व्हाळ म्हणजे ओढा, पाण्यात शिरलेली काळ्या खडकांची रांग आणि समुद्र. कुठे पाणी किती खोल आहे ते रंगावरून कळावं ही कल्पना. फिका निळा म्हणजे उथळ. जसजसा रंग गडद, तसतसं पाणी खोल. वाचता न येणाऱ्यालाही कळेल.

असा एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा रंग, त्याला आम्ही ग्रेडियंट म्हणतो. रंगारी त्याला शेड मारणं म्हणतात. आणि समुद्राची जी बाह्यरेषा मी काढली, तो पाथ. त्या रेषेवर ठिपके असतात, ते नोड. नोड ओढला की रेषा वळते. नोड जितके कमी तितकी रेषा गुळगुळीत. माझा तर त्यात हातखंडा आहे असं मला वाटायचं. दुसऱ्याची फाईल आली आणि त्यात शे-दोनशे नोड दिसले की मी नाक मुरडायची.

दत्तारामने सही केलेलं प्रूफ पर्समध्ये घातलं आणि निघाले. म्हटलं, नाकासमोर धरते त्याच्या.

किनाऱ्यावर पोचले तर बोर्डाखाली सावलीत एक उंच, काळाकुळकुळीत माणूस बसलेला. चाळिशीचा असेल. मला बघून उठला.

"तुमीच काय त्या बोर्डवाल्या ताई?"

"होय, मीच. आणि तू माझो बोर्ड झाकलंस. ही सही कोणाची?"

मी प्रूफ पुढे केलं. त्याने ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं. मग सुंभ सोडलं आणि ताडपत्रीचा एक कोपरा वर केला. प्रूफ बोर्डाला टेकवून धरलं.

"ह्या माका दाखयलास, तेच्यार मी सही केलंय. बोर्डार ह्या नाय. खडकाच्या भायर बगा."

मी बघितलं. प्रूफवर खडकापलीकडचं पाणी गडद निळं होतं. बोर्डावर खडकाला लागून फिका निळा पट्टा होता. तिथून पुढे तो पुन्हा गडद होत गेला होता.

"तो पट्टो छान दिसता रे," मी म्हटलं. खरंच म्हटलं असं. "लाट फुटल्यासारखी वाटता."

"दिसता छान," तो म्हणाला. "म्हणानच लोका थंय उडी मारतली."

तरी मला चटकन कळेना. मी आतल्या गावची. माहेरी भातशेती, सासरी दुकान. समुद्र म्हणजे आमच्यासाठी बाजारात येणारे मासे. पाण्यात मी कधी घोट्याच्या वर गेलेली नाही.

"पाणी किती असेल तिथे?"

"चला, दाखयतंय. आता सुकती आसा, तरी बगा."

सुकती म्हणजे ओहोटी. म्हणजे दिवसभरातलं कमीत कमी पाणी. मी चपला हातात घेऊन खडकांवरून गेले. खडकाच्या आतल्या बाजूने तो पाण्यातून चालत आला. गुडघ्याएवढं पाणी, मग कमरेएवढं. मग खडक चढून पलीकडच्या बाजूला उतरला. एका हाताने खडक धरला, दुसरा हात सरळ वर केला. माझ्याकडे बघितलं आणि खडक सोडला.

डोकं गेलं. कोपर गेलं. मनगट गेलं. बोटंही गेली.

मी खडकावर बसून पाण्यात वाकून बघू लागले. तो वर आला, तोंडावरचं पाणी पुसलं आणि शांतपणे म्हणाला, "पाय टेकूक नाय माजे."

माझ्या बोर्डावर तिथे गुडघाभर पाणी होतं.

चूक कशी झाली ते मला तिथेच, त्या खडकावर बसल्या बसल्या उमगलं. सांगते.

दत्तारामने जे प्रूफ बघितलं त्यात समुद्र हा एकच आकार होता. किनाऱ्यापासून क्षितिजापर्यंत एकच ग्रेडियंट, आणि खडक वर ठेवलेले. सही झाल्यावर सरपंच मॅडमनी सुचवलं की खडकाबाहेर पोहायला मनाई आहे, तर तो भाग वेगळा करून त्यावर तिरप्या रेषा मारू. मी समुद्राचा पाथ खडकांच्या रेषेवर कापला. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये सुरी असते. पुढे तिरप्या रेषा फोटोत बऱ्या दिसेनात म्हणून मॅडमनीच त्या काढायला लावल्या. रेषा गेल्या, काप तसाच राहिला.

आता सॉफ्टवेअरची खोड अशी की एका आकाराचे दोन केले की दोघांना ते पूर्ण ग्रेडियंट नव्याने देतं. वाटणी झाली की दोन भावांच्या दोन चुली होतात ना, तसं. आतल्या तुकड्यात फिक्यापासून गडदपर्यंत, आणि बाहेरच्या तुकड्यातही परत फिक्यापासून गडदपर्यंत. म्हणजे खडक संपले की समुद्र पहिल्यापासून सुरू. ही गोष्ट मी शिकाऊ पोरींना पहिल्याच महिन्यात शिकवते. आणि मलाच ती दिसली नाही, कारण दिसायला सुंदर होती. उद्घाटनाला आलेल्या पन्नास माणसांनी पाणी किती खरं वाटतं म्हणून वाखाणणी केली. तो खोटेपणा एकाच माणसाला दिसला.

"आणि आसा एक," दत्ताराम म्हणाला.

"अजून काय?"

"खडकात हय एक फट आसा. बोर्डार फट खंय आसा? सुकतीक सगळा पाणी हयसून भायर ओढता. बरो पोवणारोसुदीक जाता तेच्याबरोबर."

प्रूफवर फट होती. बारीक, पण होती. बोर्डावर खडकांची रेषा कशी नितळ, गुळगुळीत. ती फट मी खाल्ली होती. छपाईला पाठवायच्या आधी सवयीप्रमाणे नोड कमी करायचं बटण दाबलं, सव्वाशेचे तीस झाले, आणि मी खूश. सॉफ्टवेअरला ती फट हात थरथरल्याची खूण वाटली असणार. मला तर ती गेल्याचं कळलंही नाही.

आम्ही तसेच पंचायतीत गेलो. तो ओल्या चड्डीवर, खांद्यावर टॉवेल. सरपंच मॅडमनी त्याला बघून तोंड फिरवलं.

"समजलं का याला?" त्यांनी मला विचारलं.

"मॅडम, त्याला काय समजायचं? चूक माझी आहे. बोर्ड उघडू नका."

"अहो, पण सकाळीच उद्घाटन झालंय. फोटो सगळीकडे गेलेत. लोक काय म्हणतील?"

"मॅडम, बोर्ड बघून कोणी खडकावरून उडी मारली तर तो वर येणार नाही. मी आत्ता डोळ्यांनी बघून आलेय."

त्या दत्तारामकडे वळून मालवणीत म्हणाल्या, "मगे ह्या माका सकाळीच नीट सांगूक काय झाला तुका?"

"सांगलंय मी. तुमी म्हणालात, पावण्यांसमोर तोंड उघडू नको. मगे मी ताडपत्री हाडून बांदलंय."

त्यांनी कसलीही सबब सांगितली नाही. हे मला आवडलं. "ताडपत्री राहू दे," एवढंच म्हणाल्या आणि चहा सांगितला.

मी लॅपटॉप उघडला. दोन्ही तुकडे पुसले आणि समुद्र पुन्हा एकच आकार केला, एकच ग्रेडियंट. खडकांचा आकार वर वेगळा ठेवला, म्हणजे खालच्या समुद्राला कापायची गरजच नाही. दत्ताराम शेजारी उभा राहून बघत होता.

"ताई, हो रंग सारखो सारखो गडद होता. समुद्र असो सारखो नाय."

"मग कसा आहे?"

तो डोळे मिटून सांगू लागला. "सुकतीक वाळयेकडसून पंचवीस पावला गुडघो. फुडे धा पावला कमर. मगे एकदम छाती. खडकाक लागान आतल्या बाजूक परत कमर."

ग्रेडियंटच्या पट्टीवर आपण हवे तिथे टप्पे ठेवू शकतो. इथपर्यंत हा निळा, इथून पुढे तो. मी त्याच्या पावलांप्रमाणे टप्पे सरकवत गेले. माझ्या पहिल्या नकाशात खोली मीटरमध्ये होती, एक मीटर, दीड मीटर. मी ती सगळी काढली आणि रंगांच्या पट्टीखाली लिहिलं: ओहोटीला गुडघा, कंबर, छाती, डोक्यावर. सव्वीस वर्षांत इतकी सोपी सूची मला सुचली नव्हती.

मग फट. मी खडकांच्या रेषेवर नोड घालत गेले आणि तो बोट दाखवत गेला. दहा मिनिटांत त्याला नोड म्हणजे काय ते कळलं होतं. "ह्यो ठिपको जरा भायर घ्या. हां. आता हय एक वाढया." शेवटी तिसाचे एकशे बेचाळीस नोड झाले. मी एकही कमी केला नाही. मी अनेक साहेबांबरोबर, एजन्सीवाल्यांबरोबर बसून प्रूफ तपासली आहेत. इतकं नेमकं प्रूफ वाचणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं. तो लाजला आणि चहा प्यायला बाहेर गेला.

सोमवारच्या सभेसाठी मी पत्र लिहून दिलं. छापलेला बोर्ड मंजूर प्रूफप्रमाणे नव्हता, तो झाकून जीवरक्षकाने योग्य केलं, चूक संपूर्णपणे माझी. सही, शिक्का. मॅडमनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "विषय काढून टाकते."

नवीन प्रूफच्या तळाशी माझ्या स्टुडिओच्या नावाशेजारी मी लिहिलं होतं, 'पाण्याची माहिती: दत्ताराम, जीवरक्षक.' मला वाटलं, खूश होईल. त्याचा फोन आला.

"ताई, माजा नाव काढा. थंय लिवा, शिट्टी वाजली की बाहेर या. मोठ्या अक्षरांनी."

"जागा नाही रे तेवढी."

"मगे तुमचाय नाव काढा."

काढलं. शुक्रवारी बोर्ड उभा राहिला, नारळाशिवाय.

रविवारी मी नवऱ्याला घेऊन मुद्दाम गेले. किनारा गर्दीने फुललेला. चार-पाच कॉलेजची पोरं खडकावर चढली होती, शर्ट काढून. दत्ताराम वाळूत उभा, शिट्टी ओठांशी. तेवढ्यात त्यांच्यातला मागे राहिलेला चष्मेवाला बोर्डासमोर थांबला. फटीवर बोट ठेवलं, खालची पट्टी वाचली आणि ओरडला, "अरे, थांबा! तिकडे डोक्यावर पाणी आहे!"

पोरं खडकाच्या टोकाशी थांबली. एकाने वाकून खाली बघितलं. फोटो काढले आणि आली तशी उतरली. दत्तारामने शिट्टी खाली केली आणि दुसरीकडे बघू लागला.

या धंद्यात असाल तर एवढं ध्यानात ठेवा. ग्रेडियंट असलेला आकार कापू नका. कापलाच तर रंग कुठून सुरू होतो ते पुन्हा बघा. आणि सही झाल्यावर एक नोड जरी हलवला, तरी ते नवीन प्रूफ असतं. ते पुन्हा त्याच माणसाला दाखवायचं, जो त्या पाण्यात उतरणार आहे.