गार खोलीत चालून दाखवा

"चाला," डॉक्टर म्हणाले. मान वर न करता.

मी चालले. दारापासून खिडकीपर्यंत. मे महिना, बाहेर अकोल्याचं ऊन, आत एसी. खोली एवढीशी. भिंतीला हात न लावता गेले, हात न लावता परत आले. मनात म्हटलं, जमलं बाई.

टेबलामागे तिघे होते. मधल्या मोठ्या डॉक्टरांनी आता वर पाहिलं. माझ्या पांढऱ्या इस्त्रीच्या साडीपासून चपलांपर्यंत.

"मॅडम, तुम्ही तर लग्नाला निघाल्यासारख्या आलात. अपंग कुठून दिसता?"

बाजूचा हसला. मोठे डॉक्टर फाइल मिटत शेजारच्याला म्हणाले, पण मला ऐकू जाईल अशा बेताने, "यांचं असंच. एक सवलत पुरत नाही, दुसरी पण हवी."

यांचं. आडनाव वाचलं होतं त्यांनी.

मी काय बोलले? "थँक्यू सर." आजही ते आठवलं की अंगाची आग होते.

मी अमरावती जिल्ह्यात, वलगावजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मेंदूतून निघणाऱ्या तारांवरचं वेष्टन झिजतं, असं मला समजावलं होतं. या आजाराचा मला दुसरा अटॅक आला, त्यानंतर नवरा गेला. मेला नाही, गेला. घरात मी, आई आणि सातवीतली लेक. बोगस प्रमाणपत्रं शोधायची म्हणून आम्हा सगळ्या अपंग शिक्षकांची फेरतपासणी निघाली. अमरावतीवाल्यांना अकोल्याला पाठवलं. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली भरलं की बदलीतली सवलत संपली आणि बदली मेळघाटात. मला जी शाळा मिळणार होती, तिथे शेवटची वाट पायी. म्हणजे नोकरी सोडा, असंच.

सकाळी मी चालते. दिसायला तुमच्यासारखीच. ऊन लागलं, ताप आला, दमले, की हेच पाय माझं ऐकत नाहीत. शाळेत दिवसभर पाणी पीत नाही, कारण लघवीची कळ आली की दारापर्यंतही दम धरवत नाही. एकदा वर्गातच झालं. चौथीच्या लेकरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुस्तकात माना घातल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. संध्याकाळी लेकीची वेणी घालता येत नाही, बोटांना केस कळत नाहीत. समोर ताट असतं आणि घास उचलायची ताकद नसते. यातलं काही कोणी विचारलं नाही. मोजलं काय, तर चालणं. तेही गारव्यात.

आणि मी काय केलं होतं? तपासणीच्या आधी दोन दिवस काही न करता पडून राहिले. नीट चालता यावं म्हणून. आपलं अपंगत्व मोजायला जाताना कोणी असं करतं का? आम्ही करतो. आजीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात ही शिस्त. साहेबासमोर जायचं तर धुतलेलं, इस्त्रीचं नेसून. मान वर. गरिबी दाखवायची नाही. स्कॉलरशिपच्या कागदासाठी जायचे तेव्हाही आई माझा फ्रॉक तांब्यात निखारे घालून कडक करायची.

तपासणीनंतर मी बाहेर बाकावर बसले होते. तिथला शिपाई, भला माणूस, वाकून म्हणाला, "बाई, तुमी चुकल्या. अशा नटूनथटून कोनी येते काय? अपील करा. पुढच्या खेपेले मळकं लुगडं घाला, दोघांच्या खांद्यावर या. थोडं पडा. सायबाले पडलेलं दिसलं पायजे."

निकाल चाळीसच्या खाली आला. मी अपील केलं. आणि सराव सुरू केला. हो, सराव. दार लावून, आईचं विटकं लुगडं गुंडाळून, केस सोडून, पाय फरफटत. रोज पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारी मी, पडायला शिकत होते. खोटं पडता पडता खरंच आपटले. आवाजाने आई आली.

"काय करून राहिली वं?"

मी सांगितलं. ती माझ्याजवळ खाली फरशीवर बसली. तिने माझे सोडलेले केस बांधले.

मग म्हणाली, "माही सासू पाटलाच्या दारात अशीच उभी राहे. वाकून, तोंड पाडून. तसं केलं तरच भाकर भेटे. दीक्षा घेतली अन् थे सोडलं. तू काहून पुन्हा सुरू करून राहिली?"

"नोकरी गेली त खाऊ काय, माय?"

दोघी तशाच बसून रडलो.

अपिलाच्या दिवशी धुतलेली साडी नेसले. खोली तीच, डॉक्टर तेच.

"चाला."

मी उठले नाही.

"इथे नाही," मी म्हणाले. "दुपारी उन्हात, दवाखान्याच्या पटांगणात चालते. तुम्ही सोबत या. कुठे थांबते, कशी पडते, बघा. मग लघवीचं विचारा, हाताचं विचारा, घरी मला कोण भरवतं ते विचारा. सगळं मोजा. या खोलीत मी चालणार नाही."

"सहकार्य केलं नाही असं लिहावं लागेल, मॅडम."

"लिहा. आणि मागच्या वेळी माझ्या जातीवरून बोललात, तेही लिहा."

कोणी हसलं नाही. मी खुर्ची धरून उठले आणि पटांगणात जाऊन थांबले. तिथे कोणी आलं नाही.

निकाल अजून यायचा आहे. तो माझ्या बाजूने येईल असं मला वाटत नाही. शाळेत बदल्यांचा विषय निघाला की मी उठून वर्गात जाते. लेकीला काय सांगायचं, ठाऊक नाही. पुढचा अटॅक काय नेईल, तेही ठाऊक नाही. डोळे, हात, की दोन्ही. मी हरले आहे असंच दिवसातून अनेकदा वाटतं.

पण बोलावतील तितक्या वेळा जाईन. कोर्टात जावं लागलं तर तिथेही जाईन. तोवर पाय गेले तर रांगत जाईन, पण पाय खरंच गेले म्हणून. पडायची तेव्हा पडेनच. यांना दाखवायला पडणार नाही.