पाच वाजताच्या मुंग्या

गोष्ट सांगायला लागले की मला थांबता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी मी नाटुकलं बसवते, त्यातली मोठी भूमिका स्वतःकडे ठेवते आणि ऐन रंगात आल्यावर दुसऱ्यांची वाक्यंही म्हणून टाकते. त्यामुळे मी घरात मुंग्या पाळल्याचं कळलं तेव्हा बोईसरच्या आमच्या इमारतीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. वरच्या मजल्यावर राहणारे कारखान्यातले कामगार तेवढे जिन्यात थांबून विचारायचे, "भाभी, चींटियाँ कैसी हैं?" मी म्हणायचे, "मजे में. किराया नहीं देतीं."

राणी मला गॅलरीत सापडली. श्रावणातल्या एका संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पंखवाल्या किड्यांचा सडा पडला होता. केरसुणी घेऊन गेले, तर पायपुसण्यावर एक काळी मुंगी चालताना दिसली. पंख नुकतेच गळलेले, आकार तांदळाच्या कणीएवढा. पण चाल अशी, की जन्मात पहिल्यांदा नऊवारी नेसलेली बाई मांडवात शिरतेय. मी केरसुणी खाली ठेवली.

मी पालघरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस आहे. परीक्षानळ्या धुण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. तोंड फुटलेली, टाकून द्यायची एक नळी घरी होती. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणीसाहेब, मग दुसरा बोळा. हे सगळं मोबाइलवरच्या व्हिडिओंनी शिकवलं. अंधार हवा म्हणून नळी नवऱ्याच्या काळ्या मोज्यात घालून कपाटात ठेवली. नवरा पहिल्या पाळीला निघताना एक मोजा घालून दुसरा शोधत बसला, ती वेगळी गंमत.

महिनाभराने मोज्यातून नळी काढली तर खसखशीला पाय फुटलेले. पाच कामकरी मुंग्या, इतक्या बारीक की श्वास जोरात सोडायची भीती वाटावी. दिवाळीच्या सुमाराला तीस-चाळीस झाल्या. मग मी बर्फीच्या पारदर्शक डब्यात प्लास्टर ओतलं, फुटक्या बांगडीने त्यात खोल्या कोरल्या, खोल्यांवर अंधारासाठी लाल जिलेटीनचा कागद लावला. चढून बाहेर येऊ नयेत म्हणून डब्याच्या काठाला आतून पावडर फासली आणि डबा पाण्याच्या ताटात ठेवला. माझी आई तुपाचं भांडं असंच ताटातल्या पाण्यात ठेवायची, मुंग्या आत येऊ नयेत म्हणून. मी ठेवत होते त्या बाहेर जाऊ नयेत म्हणून.

"लोक मुंग्या घालवायला खडू आणतात," नवरा म्हणाला, "आणि तू त्यांना बंगला बांधून दे."

माझा एकच प्रेक्षक नियमाने यायचा. शेजारच्या काकी.

काकी मूळच्या एडवणच्या. वाडीत जन्म गेला, चिकू आणि नारळाखाली. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले तशा त्या लेकाकडे बोईसरला आल्या. वास घेऊन सांगायच्या, "आज वारा कुंभवलीच्या कारखान्यांकडचा हाय, खिडकी लाव." ते कधी चुकलं नाही. लेक आणि सून त्यांना जपायचे, आणि जपायचं म्हणून खोटं बोलायचे. नवीन ऑपरेशन निघालंय, पुढच्या वर्षी दिसेल. विहिरीजवळची बकुळ कशी बहरलीय. ती बकुळ तोडून दोन वर्षं झाली होती, हे गावाहून आलेला त्यांचा दीर बोलता बोलता बोलून गेला. काकींनी घरात काहीच विचारलं नाही. माझ्याकडे येऊन बसल्या.

"आंधळ्या माणसाला सगळे लहान पोर समजतात गो," म्हणाल्या. "मला आता कळतच नाय काय खरं आणि काय माझं मन राखायला."

मी त्यांना मुंग्यांबद्दल सांगितलं. त्या सरसावून बसल्या. "मला सांगशील? रोज? पण दिसेल तेवढंच सांगायचं. तुझा मीठमसाला नको. तू गणपतीत काय करतेस ते मी ऐकलंय."

"शब्द देते काकी."

तेव्हापासून रोज पाचला भिंतीला हात लावत त्या यायच्या. हातात कॅलेंडरच्या कागदाची पुडी, त्यात चिमूटभर साखर. एडवणला रोज सकाळी दार उघडलं की त्यांची पहिली चिमूट वृंदावनापाशी मुंग्यांना जायची. इथे उंबऱ्यावर टाकली तर सून पुसून काढी, म्हणून मग ही पुडी माझ्या मुंग्यांना. मी ती पाण्यात विरघळवून कापसाच्या बोळ्यावर द्यायची, शिवाय एक मेलेला डास. रॅकेटने जाळलेला मुंग्या घेत नसत. हाताने मारलेलाच लागे. इतका मान मी नवऱ्यालाही कधी दिला नाही.

मग भिंग डोळ्याला लावून मी सुरू करायची.

"एक बाहेर आली. कोपऱ्यात उभी आहे." थांबायचे. बघायचे. "मिशा पुसतेय."

"कशाने?"

"थांबा." पुन्हा बघायचे. "पुढच्या पायाने. मिशी पायात धरून अशी ओढून काढतेय."

"म्हणजे आमी पाणी निथळायला केस ओढतो तशी."

"तशीच. आता दुसरी आली. दोघींनी तोंडाला तोंड लावलं. काहीतरी पाजतेय तिला."

काकी हसायच्या. आवाज न करता, फक्त खांदे हलायचे. मी आयुष्यभर टाळ्या गोळा केल्या, पण त्या खांद्यांची सर कशाला नाही.

एका रविवारी म्हणाल्या, "माझ्या बोटावर चढव एक." मी कुंचल्याच्या टोकावर एक घेतली आणि त्यांच्या तर्जनीवर ठेवली. काकींनी श्वास रोखला. मुंगी नखाशी थांबली, चाचपडली, मग सावकाश, अगदी घरातली बाई खोल्या बघत फिरावी तशी मनगटापर्यंत गेली. "चाललीय. चाललीय," काकी पुटपुटत होत्या. "वजन नाय, पण हाय." पाच मिनिटं तो हात त्यांनी हवेत धरला होता.

मग थंडी पडली. आमच्याकडची थंडी ती किती, पण मुंग्या आळसावल्या. सगळ्या राणीभोवती गोळा होऊन बसल्या, दिवसच्या दिवस हलल्या नाहीत. पाचला मी भिंग लावायची आणि सांगायची, "आज काही नाही." काकी म्हणायच्या, "बरं. बसल्यात ना सगळ्या?" आणि समाधानाने बसून राहायच्या. एकदा बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली.

काकींना कंटाळा आला नव्हता. कंटाळा मला आला होता. माझ्यासमोर प्रेक्षक झोपतो म्हणजे काय! आणि माझ्या डोक्यात आलं की या नाटकात आता खलनायक हवा.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी उदबत्तीची एक काडी गुळात बुडवून स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी ठेवली. चावऱ्या लाल मुंग्या तिथे नेहमीच असतात. सहा चढल्या. सहाच. माझ्या चाळीस होत्या. मी मनात हिशोब केला, थोडी झटापट होईल, आपल्या जिंकतील, काकी टाळ्या वाजवतील. काडी डब्यावर झटकली. तेवढ्यात दारावर काकींचा हात चाचपडला, तशी हातातली काडी घाईने ठेवून मी दार उघडायला गेले.

त्या दिवशी मी सगळं खरं सांगितलं. लाल मुंगीने एकीचा पाय धरला. तिघींनी मिळून लाल मुंगीला ओढलं. एक राणीच्या खोलीच्या तोंडाशी आडवी झाली, हललीच नाही. माझा आवाज चढला होता, हात चालले होते. काकी मात्र खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"लाल कुठनं आल्या?"

"आल्या कुठून तरी."

"काढ त्यांना! काय सांगत बसलीस, काढ आधी!"

मी चिमटा घेतला आणि पाच काढल्या. सहावी दिसेना. काकींचं तोंड इतकं उतरलं होतं की मी म्हटलं, "काढल्या सगळ्या."

"नक्की ना?"

"नक्की."

सकाळी चहा टाकायला उठले तर मोरीपासून टेबलापर्यंत लाल रेघ चालली होती. रेघ टेबलावर चढली होती आणि ताटातलं पाणी काडीवरून ओलांडत होती. तीच काडी, गूळ लावलेली, एक टोक टेबलावर, दुसरं डब्याच्या काठावरून आत. माझ्याच हाताने ठेवलेला पूल. डब्यात काळे ठिपके पसरले होते, कुठलाच हलत नव्हता. पांढरी पिल्लं तोंडात धरून लाल मुंग्या बाहेर नेत होत्या. राणी तिच्या खोलीत होती. तिचं डोकं नव्हतं.

मी डबा गॅलरीत नेऊन झटकला, धुतला आणि कॉलेजला गेले. दिवसभर ठरवत होते काकींना कसं सांगायचं. पाचला त्या आल्या, पुडी पुढे केली आणि आधीच म्हणाल्या, "बऱ्या हायत ना गो सगळ्या? माझा रातभर डोळा लागला नाय."

त्यांचा चेहरा बघून मी म्हटलं, "मजेत आहेत काकी."

सून जशी बकुळीबद्दल म्हणायची, अगदी तसं.

त्यानंतर अडीच महिने मी रिकाम्या डब्यासमोर बसून जी मुंग्यांची कथा रचली, ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली कामगिरी असेल. राणीने नवीन अंडी घातली. दोन बहिणींचं डासावरून भांडण झालं. एक लंगडी मुंगी होती, तिला बाकीच्या खायला आणून द्यायच्या. त्या लंगडीवर माझा स्वतःचा इतका जीव जडला की एकदा तिला आजारी पाडून मीच रडले. काकी ऐकून घ्यायच्या. प्रश्न कमी विचारायच्या. मला वाटलं रंगल्यात. पुडीतली साखर मी माझ्या चहात घालायची. टाकून देववत नव्हती, आणि मुंग्यांना द्यायला मुंग्या नव्हत्या.

होळी झाल्यावर एके दिवशी काकी म्हणाल्या, "आज माझ्या बोटावर चढव एक."

माझ्यासारखी नटी अशा वेळी गडबडत नाही. "कापूस आणते हं," म्हणून मी गॅलरीत गेले. कुंडीखाली एक काळी मुंगी सापडली, थोडी मोठी, पण चालेल म्हटलं. कुंचल्यावर घेऊन आले आणि त्यांच्या तर्जनीवर सोडली.

ती मुंगी पळत सुटली. बोटावरून तळव्यावर, तळव्यावरून पालथ्या हातावर, मनगट, परत बोट. काकी स्थिर होत्या.

"ही बाहेरची हाय," त्या म्हणाल्या. "भ्यालीय."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी दुसरा हात वर केला.

"पयलं तू मध्ये मध्ये गप बसायचीस. बघायचीस म्हणून. 'थांबा' म्हणायचीस. थंडीपासनं एकदा पण नाय थांबलीस. पाणी ओतल्यागत बोलतेस." मग विचारलं, "कधी मेल्या?"

"त्या लाल मुंग्या आल्या, त्याच्या दुसऱ्या सकाळी."

"आणि लाल कुठनं आल्या?"

आता खोटं बोलायला काही उरलं नव्हतं. "मीच टाकल्या काकी. तुम्हाला डुलकी लागली होती आदल्या दिवशी. मला वाटलं, थोडी मजा येईल."

मुंगी त्यांच्या करंगळीच्या टोकाला येऊन अडली होती.

"मला झोप लागली कारण बरं वाटत होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्या एका जागी बसल्यात, कुणी कुठे गेलेलं नाय. ऐकून बरं वाटलं होतं." मग हात पुढे केला. "हिला जिथनं आणलीस तिथं सोड."

मी मुंगी कुंडीखाली सोडून आले तोवर काकी भिंत धरून दाराबाहेर पडल्या होत्या. टेबलावर पुडी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले, कोणी आलं नाही. मी दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी स्वतः गेले. काकी रागावल्या नव्हत्या, तेच वाईट. "ये, बस. चहा घे," म्हणाल्या. सुनेच्या तब्येतीबद्दल बोलल्या, पाण्याच्या वेळेबद्दल बोलल्या. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "असू दे गो बाय, तू पण माझं मन राखायलाच बोललीस." आता सुनेच्या रांगेत मीही बसले होते. त्याहून दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अजूनही मी जाते, आठवड्यातून एकदा तरी. परवा गेले तर त्यांच्या उंबऱ्याच्या फटीतून बारीक काळ्या मुंग्यांची रांग निघाली होती. सून माहेरून नुकतीच परतली होती. चार दिवस तिने उंबरा पुसला नव्हता, आणि काकींनी तेवढ्यात आपली जुनी चिमूट टाकली असावी. माझ्याच मुंग्यांसारख्या, खसखशीएवढ्या. एकेक साखरेचा कण उचलून चालल्या होत्या. मी दारातच खाली बसले. पहिल्यांदा नीट बघितलं. मग म्हटलं, "काकी, तुमच्या उंबऱ्यावर मुंग्या आल्यात. काळ्या. साखर नेताहेत."

काकींचा चेहरा उजळला. मान दाराकडे वळली, खांदेही हलल्यासारखे वाटले. मग त्या थांबल्या आणि त्यांनी आत तोंड करून हाक मारली.

"सूनबाय, जरा बाहेर येतेस? बघ गो, उंबऱ्यावर मुंग्या हायत का."

सून हात पुसत आली, वाकली.

"आहेत आई."

"काळ्या?"

"काळ्या."

"साखर नेतायत?"

"हो, नेतायत."

"बरं," काकी म्हणाल्या. "पुसू नको आज."

मी तिथेच उंबऱ्याशी बसले होते, अजून त्याच मुंग्यांकडे बघत.