पहिली पंधरा मिनिटं

गेल्या शनिवारी संध्याकाळी इथे अमेरिकेत, बॉथेलच्या कम्युनिटी हॉलमध्ये मी चक्क रडले... तेही अपूर्णांक शिकवायला बसले असताना.

पेमा-ला या इथल्या तिबेटी मंडळींच्या पुढारी. नावामागचं 'ला' म्हणजे आपलं 'जी'. साठीच्या आहेत, आठवडाभर वृद्धाश्रमात नोकरी करतात आणि शनिवारी लडाखमधल्या मुलांचा ऑनलाइन वर्ग चालवतात. ज्या तिबेटी वस्तीत त्या वाढल्या तिथलीच ही मुलं. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली रविवारची सकाळ.

तिथली शाळा पाचवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर दूरच्या निवासी शाळेची एन्ट्रन्स पास व्हायला हवी, नाहीतर बकऱ्यांमागे जायचं. गणिताला कोणी नव्हतं, म्हणून मी हात वर केला. नागपूरची इंजिनियर, वर स्वतःबद्दल जरा जास्तच खात्री...

वर्ग तासाभराचा. त्यातली पहिली पंधरा मिनिटं पेमा-ला नुसत्या गप्पा मारायच्या. आई कशी आहे, बकऱ्या कुठे चरतात, आजोबांचा गुडघा काय म्हणतो... थोडं तिबेटीत, थोडं हिंदीत, एकेका मुलाला. मी घड्याळाकडे बघत बसायचे. ऑफिसात मीटिंगा छाटण्यात माझा हातखंडा आहे. एकदा अगदी गोड आवाजात सुचवलं की एन्ट्रन्स दोन महिन्यांवर आलीय, गप्पा स्किप करूया. त्या "ठीक है" म्हणाल्या आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

दोन आठवडे सिलॅबस धडाधड पुढे सरकला. मी खूश... तिसऱ्या आठवड्यात डोल्मा आली नाही. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, उत्तर बरोबर आलं की मफलरमध्ये तोंड लपवून हसणारी. चौथ्या आठवड्यातही नाही.

पेमा-लांनी हॉलमधूनच गावच्या मुखियाला फोन लावला. डोल्माची आई महिनाभर आजारी होती. वडील तिला घेऊन लेहच्या हॉस्पिटलला गेले होते आणि सगळा कळप या अकरा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात पडला होता. शाळा सुटल्यातच जमा.

फोन ठेवून त्या मला एवढंच म्हणाल्या, "वो बता देती. हमने पूछा ही नहीं."

'हमने' म्हणाल्या हो... गप्पा बंद केल्या होत्या मी. मला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

त्या मात्र लगेच कामाला लागल्या. आठवडाभर ड्यूटीच्या मधल्या वेळात गावात फोन करत राहिल्या. कोणाला गोड बोलून, कोणाला जुनी ओळख काढून, शेवटी चार घरांकडून कबूल करून घेतलं की आळीपाळीने डोल्माच्या बकऱ्या ती आपल्या कळपाबरोबर नेतील.

गेल्या शनिवारी डोल्मा परत आली. मी पुस्तक बाजूला ठेवून आधी तिची विचारपूस केली. आई घरी आलीय म्हणाली, खोकला आहे अजून. मग मी अपूर्णांकांकडे वळणार, तेवढ्यात तिने हात वर केला.

"मॅम, आपकी मम्मी के पास कौन रहता है?"

नागपूरला आई एकटीच असते. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. इथे हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून कोणाला सांगितलं नव्हतं... "कोई नहीं, बेटा" एवढं म्हटलं आणि रडूच फुटलं. पलीकडच्या मुलांपैकी कोणालाच घाई नव्हती.

पेमा-ला मागून उठल्या, माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि माझ्या आईबद्दल एकेक विचारत राहिल्या. अपूर्णांक त्या दिवशी अर्धेच झाले. एन्ट्रन्स तीन आठवड्यांवर आहे, आम्ही एक जादा वर्ग घेतोय.

घरी येऊन आईला फोन लावला. नेहमीसारखं 'गोळ्या घेतल्यास ना' न म्हणता विचारलं, काय करत होतीस गं?

ती पाऊण तास बोलत होती... थँक यू, डोल्मा.