बांधावरचं गुंतवळ

आमच्या घरात बाईमाणसाचे केस कधी केरात जात नसत. सकाळी विंचरून झालं की फणीतले केस काढायचे, बोटाभोवती गुंडाळून त्यांचं गुंतवळ करायचं, त्यावर थुंकायचं आणि कुणाच्या हाती लागणार नाही असं ठेवायचं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूनं चूल दाखवायच्या आधी मला गुंतवळ ठेवायचं भिंतीतलं भोक दाखवलं. "केस दुसऱ्याच्या हाती लागले की करणी करतेत," ती म्हणाली. केसांवर भांडी देणाऱ्या बाया गल्लीत ओरडत आल्या की ती दार लावून घ्यायची. मी नवी होते, मान हलवली. नवी नसते तर विचारलं असतं, माझ्या केसांची एवढी हौस आहे कुणाला?

हे आधी सांगते, कारण पुढची सगळी भानगड केसांवरून झाली. खरं तर डुकरांवरून झाली, पण डुकरांना कोण नावं ठेवतंय!

आमचं एक वावर डोंगराच्या पायथ्याला आहे. घाटनांदूरकडे जाणारी सडक त्याच्या बांधाला लागूनच जाते. जमीन हलकी, मुरमाड, पण भुईमूग तिथं असा येतो की वेल उपटला की माती आपोआप झडते आणि शेंगा धुतल्यासारख्या हातात येतात. रानडुकरांनाही हे ठाऊक. डुक्कर खातं थोडं आणि नासतं जास्त. नाकाडानं ओळीच्या ओळी उकरतं, वेल उलथे करतं, वर त्यातच लोळतं. शेजारच्यांनी आधी मका सोडली, मग भुईमूग सोडला, काहींनी तर वावरं पडीकच टाकली. शेवटी त्या पट्ट्यात भुईमूग पेरणारी मी एकटीच उरले. सगळ्या डोंगराची पंगत माझ्याच वावरात बसायची.

माझा धाकटा दीर अंबाजोगाईला राहतो. वावर दोघा भावांचं सामाईक. त्या साली सोलर कंपनीची माणसं डोंगराखालच्या जमिनी भाड्यानं मागत फिरत होती. दीर आला, चहा पिऊन झाला आणि म्हणाला, "वहिनी, डुकरांसाठी कशाला पेरता? देऊन टाकू. वर्षाला बसून भाडं येईल."

"मी काय म्हातारी झाले का बसून खायला?" मी म्हणाले.

माझा नवरा देवमाणूस आहे, म्हणजे भांडणात त्याचा काही उपयोग नाही. तो बशीतला चहा फुंकत राहिला. शेवटी असं ठरलं, की या साली भुईमूग घरात आला तर वावर राहील. नाही आला तर दसऱ्याला दोघं भाऊ सोलरवाल्यांच्या कागदावर सही करतील. मी हो म्हणाले. नाही म्हणून काय करते? पण मनात म्हटलं, त्या मातीवर लोखंडी खांब उभे राहिलेले मी बघणार नाही.

मग मी डुकरांच्या मागं लागले. आधी साड्या बांधल्या. आमच्याकडे लग्नात आहेराच्या ज्या साड्या येतात त्या नेसायच्या नसतातच, पुढच्या लग्नात पुढं ढकलायच्या असतात. माझ्या पेटीतल्या सगळ्या काढल्या, गल्लीतल्या बायांकडून मागून आणल्या आणि वावराला चहूबाजूंनी गुंडाळल्या. नणंद आली तेव्हा सडकेवरूनच तिला स्वतः दिलेली जांभळी साडी ओळखू आली. ती जेवली, पण बोलली नाही. डुकरांना मात्र साड्यांचं काही वाईट वाटलं नाही. ती खालून शिरली.

मग नवऱ्यानं मोबाइलवर कुत्र्याचं भुंकणं भरून घेतलं आणि भोंगा लावला. डुकरं थोडे दिवस थबकली, नंतर त्याच भुंकण्यावर निवांत जेवू लागली. गावातली कुत्री तेवढी रात्रभर उत्तरं देत बसायची. वनखात्याच्या साहेब लोकांकडे गेले तर म्हणाले, फोटो काढा, अर्ज द्या. म्हणजे आधी नासू द्या, मग या. दिरानं फोनवर वेगळाच उपाय सांगितला, "तारेत करंट सोडा. सगळेच सोडतेत." मी फोनवरच त्याला झाडला. गाय हुडकायला निघालेला माणूस असल्या तारेला चिकटून गेलेला आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. सडकेला लागून वावर, तिथं मी मरण पसरून ठेवू? डुकराशी भांडायचंय म्हणून मी डुकराहून वाईट होणार नव्हते.

केसांची गोष्ट मला घाटनांदूरच्या बाजारात कळली. एक बाई सांगत होती, की बांधावर माणसाचे केस टाकले तर डुक्कर हुंगायला जातं, केस नाकात जातात आणि ते हैराण होऊन मागं फिरतं. मी तशीच उठून सलूनमध्ये गेले. आत दाढ्या चालू होत्या, बाई आत आलेली बघून सगळे आरशातून माझ्याकडे बघायला लागले. "केस पायजेत," मी म्हणाले. सलूनवाल्याला वाटलं मी कापायला आलेय. समजावून सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, "न्या की वहिनी, मला तर टाकायलाच जागा न्हाई." पोतं भरून केस दिले. त्यात काळे होते, पांढरे होते, मेंदी लावलेल्या दाढ्यांचे तांबडेही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वावरात गेले आणि मुठीमुठीनं बांधावर पसरायला लागले. शिवारात चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, कुणाची कटकट नाही. लोक का नव्हते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. अमावस्येला आमच्याकडे कुणी वावरात पाय ठेवत नाही. आणि मी एकटी, पदर खोचून, शेताभोवती बांधलेल्या साड्यांच्या मधोमध, बांधाबांधानं केस पेरत फिरत होते. सडकेवरून जाणाऱ्या जीपमधल्या लोकांनी काय पाहिलं असेल, तुम्हीच सांगा.

डुकरं मात्र त्या रात्रीपासून थांबली. सकाळी बांधापर्यंत आलेले त्यांचे खूर दिसायचे आणि तिथूनच माघारी वळलेले. मी बांधावर उभी राहून हसले. नवऱ्यालाही हसायला लावलं.

नवरात्र बसलं. भुईमूग तयार झाला. आता घाई होती, कारण दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गावात मजुरीला बाई मिळत नाही. बाया जमवणारी एक मुकादमीण आमच्या गल्लीतच राहते, जीभ माझ्याइतकीच तिखट. तिला म्हटलं, उद्यापासून बाया घेऊन ये.

ती दारातच उभी राहिली. नेहमी आत येऊन बसणारी बाई उंबरा ओलांडेना.

"बाया न्हाई म्हणायल्यात," ती म्हणाली.

"कावून?"

"तुज्या वावरात भानामती हाय म्हणतेत. आमुशाला तू काय केलंस ते समद्यांनी बगितलं. नवरात्रात कोन ओलांडंल ते केस? लेकराबाळाच्या बाया हायेत."

"अगं, डुकरांसाठी टाकलेत ते!"

"मला ठावं हाय गं. त्यास्नी कोन सांगावं? केस काढ, उद्या घेऊन येते."

केस काढले तर त्याच रात्री डुकरं येणार. ठेवले तर बाया येणार नाहीत. दोघंच किती उपटणार? आम्ही नवरा-बायकोनं दिवसभर कंबर मोडून उपटलं, तर संध्याकाळी बघितल्यावर वावर जसंच्या तसंच वाटलं. दिराचा फोन आला. त्याला सगळं कळलेलं होतं. "वहिनी, आता तर लोकच म्हणायलेत, वावर सोडा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं. मला इतका संताप आला की फोन भिंतीवर मारावासा वाटला. डुकरांनी हरवलं असतं तर गप्प बसले असते. डुकरं हरल्यावर माणसांनी हरवायचं? ते मला चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोकं विंचरलंच नाही. फणी घेतली आणि वावराच्या कडेला, सडकेच्या बाजूला, बांधावर जाऊन बसले. दुसऱ्यांच्या कामाला जाणाऱ्या बाया तिथूनच जातात. त्या आल्या तेव्हा मी अंबाडा सोडला. मोकळे केस घेऊन बांधावर बसलेली बाई बघून त्यांचे पाय जागीच थांबले. मी सावकाश विंचरलं. फणीतले केस काढले, गुंतवळ केलं आणि हात उंच करून सगळ्यांना दाखवून बांधावर ठेवलं. थुंकले नाही.

"हे माझे केस," मी ओरडून म्हणाले. "ज्याला करणी करायचीय त्यानं उचला. न्हाई तर उद्यापासून शेंगा उपटायला या."

दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. मुकादमिणीनं माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं आणि बायांना घेऊन पुढं गेली. मी बराच वेळ तिथंच बसून होते. रडू आलं होतं, ते रागाचं होतं.

घरी गेले तर सासूला सगळं कळलेलं. ती जेवली नाही. मला वाटलं, हिचा आयुष्यभराचा नेम मी सडकेवर मोडला, ही मला आता माफ करायची नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर सासू घरात नव्हती. नवरा म्हणाला, वावराकडं गेली. तिचे गुडघे दुखतात, ती देवळापर्यंत जायची नाही, आणि वावराकडं? आम्ही दोघं धावत निघालो. ती बांधावर बसली होती, मांडीवर एक मळकं गाठोडं होतं. ते गाठोडं मी कित्येक वर्षं तिच्या पेटीच्या तळाशी बघत आले होते. भिंतीला गिलावा केला तेव्हा ते भोक बुजलं, त्यातलं जुनं गुंतवळ तिनं कुठं नेलं आणि नवं कुठं ठेवते हे मी कधी विचारलं नव्हतं.

सडकेवर बाया जमल्या होत्या. सासूनं गाठ सोडली. वरचे केस पांढरेशुभ्र होते. खाली हात घातला तसे करडे निघाले आणि तळाला काळे, दाट, तरण्या बाईचे. एकेक गुंतवळ उचलून ती बांधावर ठेवत गेली. कुणाची एवढी भीती जन्मभर सांभाळून ठेवली होती हिनं!

"जलमभर लपवले," ती बायांकडे न बघता म्हणाली. "लपवूनबी जे व्हायचं ते झालंच. माज्या सुनंला भानामतीन कोन म्हणायलंय? म्होरं या."

म्होरं कुणी आलं नाही. मग मुकादमिणीनं चप्पल काढली, बांधावरच्या केसांवरून सरळ पाय टाकून आत आली आणि मागं वळून ओरडली, "काय बगायल्यात? शेंगा काय सोताहून घरी जायच्यात का?"

दसऱ्याला दीर सोनं द्यायला आला तेव्हा ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे शेंगा वाळत होत्या. त्यानं आपट्याची पानं हातात दिली, पाया पडला आणि सोलरचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. उकडलेल्या शेंगांचं ताट पुढं ठेवलं. त्यानं सगळ्या खाल्ल्या.

यंदाही तिथं भुईमूगच पेरलाय. डुकरं येतात, हुंगतात, परत जातात, आणि पावसानं केस वाहून गेले की मी सलूनमधून नवं पोतं आणते. सासूला आता बांधापर्यंत जाववत नाही. मी वावराकडं निघाले की ती उंबऱ्यात बसून विंचरत असते. फणीतले ते चार पांढरे केस बोटाभोवती गुंडाळते आणि माझ्या तळहातावर ठेवते.

"घे," म्हणते, "माजी राखण."